वाट बघायचे पैसे

मागच्या रविवारी सकाळी एक मुलगा घरी आला होता, माझ्या जुन्या कंपनीत ट्रेनी म्हणून माझ्या हाताखाली असलेला. कळव्याला राहतो, ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बर पकडली, ऐरोलीला उतरला आणि रिक्षाची लाइन मोठी होती म्हणून चालतच आला, त्यामुळे आल्या आल्या आधी दोन ग्लास पाणी प्यायला. मग बॅगेतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढून त्यातले दोन कागद माझ्या डायनिंग टेबलवर शेजारी शेजारी ठेवले. एक अपॉइंटमेंट लेटर, एक कन्सल्टन्सी अ‍ॅग्रीमेंट. दोन्ही एकाच कंपनीचे, काम एकच, बॉस एकच, बसायची जागासुद्धा एकच.

"मॅडम, ते म्हणाले तूच ठरव. पेरोलवर ये नाहीतर कन्सल्टंट म्हणून ये. कन्सल्टंटला पैसे जास्त आहेत. तुम्ही तर केलंय हे, तुम्ही सांगा."

मी केलंय हे खरंय. २००६ ते २०१९ मी रबाळ्याच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर होते, नंतर नोकरी सोडून स्वतंत्र काम करायला लागले, पीएलसी प्रोग्रॅमिंग आणि कमिशनिंग, म्हणजे प्लांटमधले व्हॉल्व्ह, पंप, लेव्हल, टेंपरेचर हे सगळं ज्या पॅनलमधून चालतं ते लिहायचं आणि साइटवर जाऊन चालू करून द्यायचं. पण तरी त्या मुलाला पटकन हो-नाही सांगता येईना. कारण हा प्रश्न सगळे विचारतात तो "जॉब की स्वतःचं काम, स्वातंत्र्य की सिक्युरिटी" असा विचारतात आणि मला इतक्या वर्षांनी असं ठाम वाटायला लागलंय की प्रश्न तो नाहीच आहे. प्रश्न असा आहे की काम अडून बसलं तर त्या वेळेचे पैसे कोण देणार, आणि चूक झाली तर ती कोणाच्या खिशातून भरायची. बाकीचं सगळं या दोनातून येतं.

आधी त्याचे आकडे घेतले, कारण तो आकड्यांवरच भुलला होता. जॉबचं सीटीसी, म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा सगळा खर्च, ९ लाख, म्हणजे महिन्याला ७५ हजार. कन्सल्टंटला महिना ८० हजार. सीटीसीमध्ये बेसिक साडेसदतीस हजार, त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे ४,५०० आणि ग्रॅच्युइटीचे म्हणून १,८०३ आतच धरलेले, ते वजा केले की हातात यायच्या आधीचा पगार साधारण ६८,७००. आता ८० हजार आणि ६८,७०० यातला फरक ११,३००, आणि हा फरक त्याला दिसत होता. दरमहा अकरा हजार म्हणजे कळव्यात राहणाऱ्या घरात ती लहान रक्कम नाही, मला कळतं ते.

मग मी त्याला म्हटलं, आता सुट्ट्या काढ. पेरोलवर पगारी रजा आणि सणाच्या सुट्ट्या मिळून तीसेक दिवस होतात. या दुसऱ्या कागदात पान तीनवर बारीक अक्षरात लिहिलंय की जितके दिवस हजर तितकेच पैसे, महिना सव्वीस दिवसांचा धरून. म्हणजे दिवसाचे साधारण ३,०७७. तीस दिवसांचे ९२ हजार. बाराने भाग, ७,७०० झाले. त्यात पीएफचे ४,५०० मिळव, १२,२०० झाले, अकरा हजार तीनशे तर इथेच संपले, अजून ग्रॅच्युइटी बाकी आहे, मेडिक्लेम बाकी आहे, आणि तुला ताप आला तर ते दिवस बाकी आहेत.

तो बराच वेळ काही बोलला नाही. कॅल्क्युलेटर काढून त्याने ते परत केलं, तेवढेच आले.

ग्रॅच्युइटीला लोक फार हलक्यात घेतात. मीसुद्धा घ्यायचे. नोकरी सोडताना फुल अँड फायनलचा कागद हातात आला तेव्हा माझं शेवटचं बेसिक ६२ हजार होतं आणि तेरा वर्षं झालेली, हिशोब सरळ असतो, बेसिकला सव्वीसने भागायचं, पंधराने गुणायचं, वर्षांनी गुणायचं, ४ लाख ६५ हजार आले. ते पैसे मी तेरा वर्षांत कधी मोजलेच नव्हते. १९७२ च्या कायद्यापासून हा नियम पाच वर्षं सलग नोकरीचा होता, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले त्यात ठरावीक मुदतीच्या नोकरीवाल्यांना एका वर्षानंतरही मिळते. कन्सल्टंटला पाच वर्षांनी पण नाही आणि पंधरा वर्षांनी पण नाही. त्यावर माझी तक्रार नाही, तो धंदा आहे, फक्त आपला रेट ठरवताना ते डोक्यात पाहिजे आणि सुरुवातीला माझ्या डोक्यात नव्हतं. मी माझा पगार भागिले चोवीस-पंचवीस दिवस असं करून दिवसाचा रेट ठरवला आणि अख्खं पहिलं वर्ष त्या रेटवर काम केलं. वर्षाअखेर डायरी बघितली तर बिल लावता आलेले दिवस होते १३८. बाकीचे दिवस कोटेशन, प्रवास, मीटिंग, ड्रॉइंग कधी येतंय याची वाट, आणि पेमेंटसाठी फोन.

वाट. ती काय असते हे मला महाडला कळलं.

महाड एमआयडीसीत एका प्लांटचं कमिशनिंग होतं, जुलै महिना, कोकणातला पाऊस. ऑर्डर लम्पसम होती, अमुक इतके इनपुट-आउटपुट, इतके पैसे, प्रवास-राहणं त्यातच. मी सोमवारी सकाळी गेटवर. तिथे रजिस्टरमध्ये नाव, गाव, वेळ, मग लॅपटॉप उलटा करून त्याच्या मागचा सीरियल नंबर सिक्युरिटीवाला लिहून घ्यायचा, त्याच्या वहीची पानं दमट झालेली, पेन उमटत नसायचं, तो दोनदा गिरवायचा. मग सेफ्टी शूज बघायचा. आत गेले तर कळलं इन्स्ट्रुमेंट एअरच नाही, कंप्रेसरचा ड्रायर बंद पडलाय, पार्ट पुण्याहून येतोय. हवा नाही म्हणजे व्हॉल्व्ह हलणार नाहीत, व्हॉल्व्ह हलत नाहीत म्हणजे माझं काम शून्य. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. रोज सकाळी गेट, रोज तोच सीरियल नंबर, कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर बसून पत्र्यावरचा पाऊस ऐकायचा आणि संध्याकाळी लॉजवर जाऊन ओले मोजे पंख्याखाली वाळत घालायचे. गुरुवारी संध्याकाळी हवा आली. चार दिवस गेले. प्लांटवाले वाईट नव्हते, रोज जेवायला बोलवत होते, चहा देत होते. पण त्या चार दिवसांचे पैसे मागायला माझ्या ऑर्डरमध्ये एक ओळ नव्हती.

नोकरीत असताना असे दिवस मी किती काढले असतील, गुजरातमधल्या दहेजला एकदा अकरा दिवस काढलेत, पण तेव्हा डीए, म्हणजे बाहेरगावचा रोजचा भत्ता, चालू, पगार चालू, उलट घरी फोन करून सांगायचे की आराम चालू आहे. ते अकरा दिवस माझ्या कंपनीने विकत घेतले होते. महाडचे चार दिवस मी विकत घेतले. माझ्यासाठी नोकरी आणि कन्सल्टिंग यातला फरक त्या लॉजच्या खोलीत पहिल्यांदा स्पष्ट झाला. त्यानंतर माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये एक ओळ असते, साइट तयार नसल्यास प्रतिदिन स्टँडबाय इतके. गिऱ्हाईक पहिल्यांदा नाक मुरडतं. पण गंमत म्हणजे ती ओळ टाकल्यापासून मी पोचायच्या आधीच साइट तयार असते, कारण आता माझ्या वाट बघण्याचं त्यांच्याकडे बिल येणार असतं.

चुकीचं प्रकरण तर याहून मोठं आहे, आणि ते सांगायला मला अजूनही जड जातं.

२०११ ची गोष्ट. सॉल्व्हंटच्या टाकीवर लेव्हल ट्रान्समीटर होता, म्हणजे टाकी किती भरलीय ते मोजून कळवणारं उपकरण, त्याची रेंज अडीच हजार मिलिमीटर लावलेली आणि मी पीएलसीत स्केलिंग, म्हणजे त्याचा सिग्नल आकड्यात बदलायचं माप, टाकलं दोन हजारचं. इन्स्ट्रुमेंटवाल्यांना लगेच कळेल काय झालं असेल. स्क्रीनवर लेव्हल खऱ्यापेक्षा कमी दिसायला लागली. हाय लेव्हलला पंप बंद करायचा सेट पॉइंट अठराशे होता, पण स्क्रीनवर अठराशे दिसायला टाकीत खरे सव्वाबावीसशेच्या वर, साडेबावीसशे लागत होते, आणि टाकीचा ओव्हरफ्लो बावीसशेला. रात्री सव्वादोनला सॉल्व्हंट डाइकमध्ये, म्हणजे टाकीभोवतीच्या बांधात, उतरलं. कोणाला काही झालं नाही, आग लागली नाही, हे मी आजही देवाचे आभार मानून लिहिते. सकाळी माझे बॉस आले, मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "आधी चेकशीट दाखव." चेकशीटवर सही माझी होती. मेमो मिळाला, त्या वर्षीचं इन्क्रिमेंट गेलं, आणि वाया गेलेल्या मालाचे पैसे आमच्या कंपनीने त्या गिऱ्हाइकाला भरून दिले. किती दिले ते मला कधी कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. माझ्या बॉसनी ते आपल्या अंगावर घेतलं, आणि त्यानंतर सहा महिने माझं प्रत्येक स्केलिंग स्वतः शेजारी बसून तपासलं. ही जी गोष्ट आहे ना, शेजारी बसून तपासणारा माणूस, ती कुठल्याच सीटीसीत लिहिलेली नसते.

आता दुसरी गोष्ट, मी स्वतंत्र झाल्यानंतरची. एका ठिकाणी मी काम करून, लूप चेक करून, म्हणजे प्रत्येक उपकरणापासून पीएलसीपर्यंतची जोडणी तपासून, सह्या घेऊन आले. तीन आठवड्यांनी त्यांच्याकडे एक ट्रान्समीटर बिघडला, त्यांनी स्टोअरमधला दुसरा लावला, रेंज वेगळी, कोणी बघितलंच नाही, एक बॅच खराब झाली. मला आली डेबिट नोट, म्हणजे नुकसान माझ्या नावावर टाकल्याचा कागद, १ लाख ८० हजारांची. माझी पूर्ण फी होती २ लाख ४० हजार. मी अ‍ॅग्रीमेंट काढून वाचलं, म्हणजे खरं वाचलं तेव्हा पहिल्यांदा, आणि त्यात लिहिलेलं की कन्सल्टंटच्या कामातून उद्भवणारं कुठलंही नुकसान, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, कन्सल्टंट भरून देईल. रकमेला मर्यादा नाही. म्हणजे फी अडीच लाखाच्या आत आणि जबाबदारी आभाळाएवढी. माझ्याकडे तारखेसकट सही केलेलं लूप चेकशीट होतं, त्यावर जुन्या ट्रान्समीटरचा नंबर होता, त्याने मी वाचले. तरी सात महिने लागले आणि शेवटी ६० हजार सोडूनच मिटवलं, कारण माझं रिटेन्शन, म्हणजे फीतली राखून ठेवलेली रक्कम, त्यांच्याकडे अडकलेलं. त्या सात महिन्यांत कितीतरी रात्री मी हाच विचार करत पडून असायचे की चूक खरंच माझी असती तर? २०११ सारखी? तर हे घर गेलं असतं का?

म्हणून त्या मुलाच्या दुसऱ्या कागदावर मी पेन्सिलने पहिली खूण केली ती त्याच कलमावर. त्याच्या कागदातही मर्यादा नव्हती. मी त्याला सांगितलं की तिथे लिहून घे, जबाबदारी जास्तीत जास्त मिळालेल्या फीएवढी, आणि अप्रत्यक्ष नुकसान वगळून. आणि प्रोफेशनल इंडेम्निटीचा, म्हणजे कामातल्या चुकीची भरपाई करणारा, इन्शुरन्स असतो, तो काढ, त्याचा हप्ता तुझ्या रेटमध्ये धर. मी आता काढते.

दुसरी खूण वेगळ्याच कारणासाठी. त्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलं होतं, साडेनऊ ते साडेसहा, बायोमेट्रिक हजेरी, रिपोर्टिंग अमुक मॅनेजरला, दुसऱ्या कोणाचंही काम करायचं नाही, रजेला लेखी परवानगी. मी त्याला विचारलं, "अरे मग यात कन्सल्टिंग कुठे आहे?" तो म्हणाला, "मॅडम, टीडीएस कन्सल्टंटसारखा दहा टक्के कापतात." बस. एवढंच. हजेरी नोकराची आणि पावसापाण्याची जबाबदारी धंदेवाल्याची. आपल्याकडे हा प्रकार इतका वाढलाय, महापे-रबाळे पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये मी स्वतः कितीतरी पोरंपोरी अशी बघते, कोणी त्याला रिटेनर म्हणतं, कोणी थर्ड पार्टी, आयकार्डची दोरी फक्त वेगळ्या रंगाची. मला याचा मनापासून राग येतो. स्वतंत्र काम करणं ही चांगली गोष्ट आहे, त्या नावाखाली पीएफ वाचवणं ही नाही.

आणि कायदा या बाबतीत कागदावरच्या नावाला फसत नाही, निदान फसू नये अशी त्याची जुनी समज आहे. १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, ध्रांगध्राच्या केमिकल कंपनीचा, कच्छच्या रणाकडच्या मीठ पिकवणाऱ्या अगरिया लोकांबद्दल. त्यांना कंपनी जमिनीचा तुकडा द्यायची, ते विहीर खणून खारं पाणी काढायचे, मीठ पिकवायचे, मणाच्या भावाने पैसे घ्यायचे, हाताखाली स्वतःची माणसंसुद्धा लावायचे, कामाचे तास ठरलेले नाहीत. कंपनी म्हणाली हे आमचे कामगार नाहीत, ठेकेदार आहेत. कोर्टाने बघितलं की विहीर खणण्यापासून मीठ पसंत करेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर देखरेख कोणाची, आणि म्हणाले, कामगारच आहेत. काम काय करायचं एवढंच नाही, ते कसं करायचं हेही समोरचा सांगत असेल तर तो मालक. मला हा निकाल पहिल्यांदा कळला तेव्हा आपली मिठागरं आठवली, मुलुंड-भांडुपच्या बाजूची, खाडीकाठची. आगर म्हणजे मीठ पिकवायची जागा, आगरी हे नावच त्यावरून आलं म्हणतात, आमच्या इथे दिवा-ऐरोलीच्या जुन्या गावात अजून म्हाताऱ्या बायका ते सांगतात. आणि सत्तर वर्षांनी त्याच खाडीच्या काठावर काचेच्या बिल्डिंगमध्ये बायोमेट्रिक करणाऱ्या मुलाला आपण विचारतोय, तू कामगार की ठेकेदार.

पण कोर्टात जाऊन हे सिद्ध करायला वर्षं लागतात, वकील लागतो, आणि त्या मुलाला पुढच्या महिन्याचा हप्ता आहे. म्हणून सही करायच्या आधी वाचणं एवढाच स्वस्त उपाय आहे.

तो सर्वात जास्त घाबरला होता ते नॉन-कॉम्पिट कलमाला, काम सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही असं. तिथे मी त्याला थोडा धीर दिला. १८७२ चा काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट आहे, त्याचं २७ वं कलम सांगतं की माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. करार संपल्यावरच्या बंधनाला कोर्टं सहसा उभं करत नाहीत. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचीच केस आहे, त्याच्या जाहिरातीचं काम बघणाऱ्या कंपनीने करार संपल्यावरही पहिला हक्क आमचा असं कलम घातलं होतं, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चालू दिलं नाही. पण करार चालू असतानाचं बंधन वेगळं. तशा बंधनाची केस तर आपल्याच जिल्ह्यातली, कल्याणजवळची रेयॉन कंपनी, टायर कॉर्डचा धागा बनवायचं ट्रेनिंग घेतलेला सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडून कोट्याच्या कंपनीत गेला, १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कराराच्या मुदतीपुरतं त्याला अडवता येईल. आणि बाँडचं म्हणाल तर २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याचा तीन वर्षं व्हायच्या आधी सोडल्यास दोन लाख भरायचा बाँड कोर्टाने योग्य ठरवला. म्हणजे दोन वर्षांच्या नॉन-कॉम्पिटला घाबरून झोप उडवायची नाही, पण आकडा लिहिलेल्या बाँडवर डोळे मिटून सही करायची नाही.

प्रोग्रॅम कोणाचा, हेही एक. नोकरीत लिहिलेला कोड कंपनीचा, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसंच आहे, वेगळं काही ठरलं नसेल तर. कन्सल्टंटने लिहिलेला कोड त्याचा स्वतःचा, जोपर्यंत तो लेखी सोडत नाही तोपर्यंत. त्याच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये "आधीचं असलेलं सुद्धा" अशी भाषा होती, ती मी खोडली. मी सात वर्षांत माझे फंक्शन ब्लॉक, म्हणजे परत परत वापरायचे प्रोग्रॅमचे तुकडे, बनवलेत, पंपाचे, व्हॉल्व्हचे, ते माझे पाने-स्क्रू ड्रायव्हर आहेत. सुतार कपाट देतो, रंधा देऊन जात नाही.

पेमेंटबद्दल थोडक्यात, नाहीतर हे संपणार नाही. वर्षाला २० लाखांच्या वर बिलिंग गेलं की जीएसटी, १८ टक्के, आणि तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, गिऱ्हाइकाने मला पैसे दिले असोत नसोत. ३ लाखांच्या बिलावर ५४ हजार मी खिशातून भरून पाच महिने वाट बघितलेली आहे. त्यासाठी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आधीच करून ठेवायचं, फुकट होतं, आधार कार्डावर. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. व्याज मी कधी मागितलं नाही, दरवेळी संबंध आडवे येतात. पण ४५ दिवसांत न दिलेलं बिल प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्यांना खर्चात धरता येत नाही असा इन्कम टॅक्सचा नियम आला, आणि मार्च २०२४ मध्ये मला पहिल्यांदा अकाउंट्समधून स्वतःहून फोन आला, "मॅडम, तुमचं एक बिल राहिलंय का?" मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

मग त्याने मला तो प्रश्न विचारला जो मला वाटलंच होतं विचारेल. "मग तुम्ही का सोडलात?"

मी त्याला खरं तेच सांगितलं. माझा मुलगा २०१२ ला झाला, तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवडे होती, २६ आठवडे २०१७ पासून झाली, पण ते बारा आठवडेसुद्धा पगारी होते आणि ती नोकरी नसती तर मी ते वर्ष कसं काढलं असतं मला माहीत नाही. सासऱ्यांची बायपास कंपनीच्या मेडिक्लेममध्ये झाली. नोकरीने मला घर दिलं, काम शिकवलं, चुकले तेव्हा झाकलं. आणि तरीही शेवटच्या दोन वर्षांत माझ्याकडे पॅनल नव्हतंच, एक्सेल होतं. मी मॅनेजर झाले होते, दिवसभर रिव्ह्यू मीटिंग, आणि मोटर पहिल्यांदा फिरते तेव्हा कंट्रोल रूममध्ये जो एक क्षण असतो, सगळे गप्प, मग रेडिओवर फील्डमधून आवाज, "फिरली, दिशा बरोबर," तो माझ्या आयुष्यातून गेला होता. मला तो परत हवा होता. पैशासाठी मी सोडलं नाही, स्वातंत्र्यासाठी पण नाही, त्यासाठी सोडलं.

२०२० ला मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि मला तीन महिने एक रुपया आला नाही. नवऱ्याची नोकरी होती म्हणून तरलो, हे मी प्रत्येकाला सांगते, लपवत नाही, कारण ज्यांच्या घरात दुसरा पगार नाही त्यांनी माझ्याकडे बघून उडी मारू नये असं मला मनापासून वाटतं. निदान आठ-दहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, सगळ्यांची हेल्थ पॉलिसी नोकरीत असतानाच काढलेली, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ती तीन वर्षं पगार चालू असताना गेलेली बरी. त्याच्या वडिलांना शुगर आहे. त्याने ते ऐकून फोल्डरवर काहीतरी लिहून घेतलं.

दुपारी तो जेवूनच गेला. आमटी-भात, सुकी बटाट्याची भाजी. जाताना म्हणाला, "मॅडम, मला वाटतं पेरोलच घेतो. पण एकदा हे बदल मागून तर बघतो." मी म्हटलं माग, मागायला काही पैसे पडत नाहीत, आणि ते काय उत्तर देतात त्यावरून ती माणसं कशी आहेत ते तुला आत्ताच कळेल.

काल रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. आवाज खूश होता. जबाबदारीला फीएवढी मर्यादा दिली, जुना कोड वगळला, बायोमेट्रिक काढलं, बाहेरचं काम करायला हो म्हणाले, महिना ९५ पर्यंत गेले. मी खरंच थक्क झाले, इतकं कोणी देत नाही. मग विचारलं, नोटीस पिरियडचं काय झालं, तिथे पण खूण केली होती मी.

"ते तसंच आहे मॅडम. माझ्याकडून नव्वद दिवस."

"आणि त्यांच्याकडून?"

"सात."

मी त्याला म्हटलं, सही करू नकोस अजून, उद्या परत पाठव, त्या सातच्या जागी तीस लिही आणि तुझ्या नव्वदच्या जागीही तीस. तो म्हणाला, "आणि नाही म्हणाले तर?" मी म्हटलं, तर पहिला कागद आहेच ना तुझ्याकडे, त्याच्यावर पेन ठेव. त्याच्या मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती, आणि बायकोचा आवाज, विचारत होती काय म्हणतायत मॅडम.